कंबर सरळ कर, पोरी

मी शाळेत आले ती 1984 सालच्या पावसाळ्यात, आणि एकटी आले नव्हते. कडेवर धाकटा भाऊ होता, दहा महिन्यांचा. आई-बाबा भाताच्या लावणीला जायचे, तेव्हा बाळ माझ्याकडे. मी सात वर्षांची. बाळ घेऊन वर्गात बसू देणार नाहीत हे मी माझ्या मनानंच ठरवलेलं, म्हणून चार दिवस खिडकीशी पागोळ्यांत उभी राहून आतलं ऐकत होते. पाचव्या दिवशी बाई बाहेर आल्या. नाव विचारलं नाही, पाटी कुठे म्हणून विचारलं नाही. भावाला माझ्या कडेवरून उचललं आणि म्हणाल्या, "कंबर सरळ कर, पोरी."

मी सरळ व्हायला गेले तर होईनाच. एका अंगाला कललेलीच राहिले. आपली कंबर दुखते आहे हे मला तेव्हा कळलं. त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. घरी आलेलं माणूस बाळाचा गालगुच्चा घ्यायचं, बाळ कसं आहे विचारायचं.

वर्गाच्या मागच्या बाजूला बाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला आणि पाटी मांडीवर, अशी मी बाराखडी शिकले. दिवाळीपर्यंत वर्गात तीन झोळ्या झाल्या. तिघीही आम्ही पाड्यावरच्या.

बाई कोसबाडला शिकलेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, हे आज पुस्तकात वाचायला मिळतं. आम्हाला ते बाईंच्या तोंडून कळलं, तेही शेंगा निवडता निवडता. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावर अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आणि थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बाईंची झोळी तिथून आली होती. आमच्या एका खोलीच्या शाळेत पाळणाघर कुठून आणणार? त्यांनी लुगडं आणलं.

मोजायला चिंचोके, शिंपले, सागाच्या बिया. गुंजा मात्र कधीच नाहीत. रंग छान असतो, पण विषारी, आणि लहान पोर दिसेल ते तोंडात घालतं. पुढे 2001 साली मी अंगणवाडी सेविका झाले. प्रशिक्षणात परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्याचा तास झाला, तेव्हा मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही. सगळं हातात होतं.

हातात नव्हतं ते दुसरंच, आणि ते इथे लिहायलाच हवं. पहिली दोन वर्षं मी काम चोख केलं. वजनं वेळेवर, नोंदी स्वच्छ, आहार गरम. एक थोरली बहीण रोज भावाला घेऊन यायची. त्याचं वजन वाढत होतं, मी खूश होते. मुलगी दारात बसून राहायची, तो खायचा ते बघत. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं आणि पावसाच्या तोंडाला परत आलं, तेव्हा ती मुलगी मी ओळखलीच नाही, इतकी वाळली होती. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल माझ्या आहाराच्या आणि वजनाच्या नोंदींतून निघून जातं. शाळेत नाव नाही, तर तिथलीही खिचडी नाही. ती आठ वर्षांची होती, म्हणजे कुठेच नव्हती. आणि मी, जिला बाईंनी खिडकीतून हेरलं होतं, ती तिच्याकडे आठ महिने न बघता तिच्या भावाचं वजन लिहीत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी आधी तिला घेऊन शाळेत गेले, नाव घातलं. मग एक शंभर पानी वही आणली. पोर ज्या कडेवरून येतं त्या कडेचं नाव त्या वहीत. काय खाल्लं, शाळेत जाते का, भट्टीवर कधी जाणार, कधी परत येणार. ही वही कुणी मागत नाही, कुठल्या अहवालात जात नाही. आता अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर आहे, पण ही वही कागदाचीच राहिली. सध्या सहावी चालू आहे.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. वही त्यांना दाखवायची राहिली, ही रुखरुख माझ्या मनात कायम आहे.

गेल्या श्रावणात एक मुलगी भावाला घेऊन आली. त्याच्या दंडाला मापाची पट्टी लावली तर लाल, 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. मदतनीस धावली, त्याच्या आईला निरोप गेला, आरोग्य केंद्रात फोन झाला. सगळे त्याच्याभोवती, आणि तसंच हवं होतं. मुलगी दाराला टेकून उभी होती, एका अंगाला कललेली. मी बाळ मदतनिसाच्या मांडीवर दिलं, मुलीला आत बोलावलं, अंडं सोलून तिच्या हातावर ठेवलं. तिनं आधी भावाकडे बघितलं.

"त्याचं त्याला आहे," मी म्हटलं. "हे तुझं. आणि कंबर सरळ कर, पोरी."

तिनं अंडं दोन घासांत संपवलं. मग जरा वेळ नुसतीच उभी राहिली, हात मोकळे सोडून. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळाली.