.३०८ रायफलसाठी यंदा तांब्याची गोळी

विस्कॉन्सिनच्या जंगलात व्हाइटटेल हरणासाठी आजवर १५० ग्रेनची (पावणेदहा ग्रॅमच्या आसपास) साधी शिशाची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे तांब्याच्या कवचातली पण टोकाला शिसं उघडं असलेली गोळी, वापरत आलो. स्वस्त, कुठेही मिळणारी आणि १०० यार्डांच्या आत काम चोख. तक्रार तिच्या नेमाबद्दल नाहीच, मटणाबद्दल आहे. फासळीवर आपटली की शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. कापताना ते हाताला लागत नाहीत, एक्स-रेमध्ये मात्र दिसतात. घरात पोरं तेच मटण खातात. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात, ते आणखी वेगळं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. इथे अजून आपल्या मर्जीवर आहे.

तांब्याची गोळी अख्खी एकाच धातूची. टोकाच्या पोकळीमुळे आत शिरताच पाकळ्यांसारखी उलगडते आणि वजन फारसं गमावत नाही. मेख एकच: उलगडायला वेग हवा. साधारण २,००० फूट प्रति सेकंदाच्या खाली गेली की भरवसा कमी. म्हणून जड गोळीचा हट्ट नको. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) तिला पेलवेलच असं नाही. १८० ग्रेनवाल्यांनी १६५ किंवा १५० वर यायला हरकत नाही.

माझ्या गोळ्यांच्या डब्यावर वेग २,८२० फूट प्रति सेकंद लिहिलाय, पण ते बहुतेक २४ इंची नळीचं. माझी २० इंची, म्हणजे शंभरेक फूट वजा धरा. तरीही २०० यार्डांवर सव्वादोन हजारांच्या आसपास उरतो. आमच्या झाडीत एवढा लांबचा बार कोण टाकतो म्हणा!

आधी नळीतला जुन्या गोळ्यांच्या कवचाचा तांब्याचा थर पूर्ण काढला, मगच झिरो केलं, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवली. पहिले बार विखुरले, नंतर १०० यार्डांवर ग्रुप (बारांचा पुंजका) दीड इंचात आला. मला पुरे. अर्ध्या इंचाचा नाद टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्या बेंचवाल्यांना लखलाभ.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत धातूच्या कवचात बंद गोळी, सरावाच्या रेंजपुरतीच ठेवा. ती न उलगडता आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं. बऱ्याच राज्यांत हरणावर ती बेकायदाही आहे. तांब्याचीही बहुधा पलीकडून बाहेर पडते, तेव्हा मागे काय आहे ते पाहूनच घोडा ओढायचा.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी गन सीझन उघडेल. तोवर बेंच सोडून गुडघ्यावर बसून सराव, तोही जाड जॅकेट घालून.