आधी शाई, मग गन: एअरब्रश टॅटूचं पहिलं सामान घेताना

मी नागपूरच्या महाल भागात राहते आणि बारा वर्षांपासून मेंदी काढते. लग्नसराई संपली की हात रिकामे राहतात, म्हणून तान्ह्या पोळ्याला (आमच्याकडचा लेकरांचा, लाकडी बैलांचा सण) आणि दिवाळीच्या आधी स्टॉल लावते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं एका जत्रेत मनगटावर काळ्या मेंदीचा विंचू काढून घेतला. तिसऱ्या दिवशी बरोबर विंचवाच्या आकारात फोड आले. डॉक्टरांनी सांगितलं, हे पीपीडी. केसांच्या डायमधलं रसायन, रंग काळा आणि झटपट यावा म्हणून मेंदीत कालवतात. आता पोरीला पुढे कधीही डाय लावताना जपावं लागणार आहे.

खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी, काळाकुट्ट नाही. पण गिऱ्हाइकाला टॅटूसारखं काळंच पाहिजे असतं. मी नाही म्हटलं की ते दुसऱ्या स्टॉलवर जाऊन तीच मेंदी लावून घ्यायचं. हे मला सहन होईना. म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं छोट्या गनमधून शाई फवारून काही दिवसांचा टॅटू काढायचं, शिकायचं ठरवलं. भिशीचे १६,००० रुपये हाताशी होते, त्यातच सगळं बसवायचं होतं.

सगळे आधी गन बघतात. मी शाईपासून सुरुवात केली, कारण माणसाच्या अंगाला लागणार ती शाई. स्टेशनरीच्या दुकानात अ‍ॅक्रिलिक रंग स्वस्त मिळतो, बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ असंही लिहिलेलं असतं. पण तो कागदासाठी आणि कॅनव्हाससाठी आहे, त्वचेसाठी नाही. शरीरावरच्या शाया दोन प्रकारच्या. पाण्यात विरघळणारी आंघोळीबरोबर निघून जाते. अल्कोहोलवाली लगेच सुकते आणि जागा घासली गेली नाही तर तीन ते पाच दिवस टिकते. टॅटूसाठी ही अल्कोहोलवालीच लागते. बाटलीवर घटकांची पूर्ण यादी नसेल तर घ्यायची नाही, हा मी नियमच केला. काळ्यात सीआय ७७२६६ किंवा ७७४९९, पांढऱ्यात सीआय ७७८९१ असे रंगांचे क्रमांक दिलेले असतात. काळी, पांढरी, लाल, निळी अशा ३० मिलीच्या चार बाटल्यांना ४,२०० रुपये गेले. महाग वाटलं, पण तिथे हात आखडला नाही.

खरी डोकेदुखी गनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरची झाली. गल्लीतला फ्रिज मेकॅनिक म्हणाला, “काहाले एवढे पैसे घालता ताई? जुन्या फ्रिजचा कंप्रेसर लावून देतो ना, दोन हजारात काम होते. आवाज पण नाही येत.” तो बोलला ते खोटं नव्हतं. तसे कंप्रेसर लोक बनवतात आणि ते खरंच शांत चालतात. पण फ्रिजच्या कंप्रेसरमध्ये तेल असतं आणि त्याचा बारीक अंश हवेबरोबर येतो. भिंत रंगवायची असती तर चाललं असतं. इथे समोर लेकराचा हात असणार. शिवाय तेलकट त्वचेवर शाई धरत नाही. मी त्याला हात जोडले.

माझी एक मैत्रीण घरी केक करते. तिच्याकडे केकवर रंग फवारायची, चार्जिंगवर चालणारी, हाताच्या मुठीत मावणारी छोटी मशीन आहे. एका संध्याकाळी तिच्याकडे जाऊन नुसतं पाणी भरून कागदावर रेघा मारून पाहिल्या (खाण्याच्या गनमध्ये शाई घालायची नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं आणि ते बरोबरच आहे). टाकी नसल्यामुळे हवा ठोक्याठोक्यानं येत होती आणि रेघ थरथरत होती. पाऊण तासात बॅटरीही संपली. स्टॉलवर पोरांची रांग असताना हे चालणार नाही, हे तिथेच कळलं.

शेवटी तीन लिटरची टाकी असलेला, बिनतेलाचा, विजेवर चालणारा कंप्रेसर ८,८०० ला घेतला. टाकीत दाब भरला की मोटर आपोआप थांबते आणि हवा सलग येते. अंगावर मी दाब २० ते २५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मध्ये ठेवते. जास्त केला तर शाई स्टेन्सिलच्या, म्हणजे नक्षी कापलेल्या साच्याच्या, कडेखाली घुसते आणि नक्षी पसरते. यात पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. तान्हा पोळा येतो तो पावसाळ्यात. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचतं आणि मधूनच एक थेंब नक्षीवर उडतो. दिवस संपला की टाकीखालचा नळ उघडून पाणी काढून टाकते.

गनवर मात्र वाचवलं. वर वाटी असलेली, ०.३ मिलिमीटर नोझलची, डबल-अ‍ॅक्शन गन १,४०० ला मिळाली. बटण दाबलं की हवा येते, मागे ओढलं की शाई. वाटी वर असल्यामुळे शाई आपल्या वजनानं उतरते आणि कमी दाबातही काम होतं. घेताना मी एकच प्रश्न परत परत विचारला: आतलं सुईचं सील रबराचं आहे की टेफ्लॉनचं? रबर अल्कोहोलनं फुगतं, मग सुई अडकते. सीताबर्डीवरच्या दोन दुकानदारांना उत्तर माहीत नव्हतं. तिसऱ्यानं गन उघडून सुई काढून दाखवली. त्याच्याकडून घेतली. नोझल पान्यानं फार आवळायचं नाही, त्याचे आटे केसासारखे नाजूक असतात. होज (हवेची नळी), ट्रॅप आणि अडॅप्टर मिळून ४५० झाले. कंप्रेसरचं तोंड पाव इंची आणि गनचं त्याहून लहान असतं, त्यामुळे अडॅप्टर घरी आल्यावर नव्हे, दुकानातच लावून बघा.

स्टेन्सिलसाठी गाडीच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेले. त्याच्याकडे कापायची मशीन असते. आधी रेडियमचाच कागद कापून माझ्या हातावर चिकटवला, तर काढताना लव उपटून आली. मग जाड पारदर्शक मायलर शीट दिली. ब्लेड दोनदा फिरवावं लागलं, पण कडा स्वच्छ आल्या. वाघ, बैल, मोरपीस, त्रिशूळ असे पंधरा आकार ६०० रुपयांत झाले. हे धुऊन परत वापरता येतात. मात्र दर माणसागणिक अल्कोहोलनं पुसायचे, त्यात कंटाळा करायचा नाही.

इतवारीतल्या केमिकलच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक लिटर आणलं, ३५० रुपयांना. गन त्यानंच धुते. पण ते पेट घेतं. पहिल्या स्टॉलवर माझ्या बाजूला भज्यांची कढई होती. आयोजकांना विनवून जागा बदलून घेतली. बंद खोलीत फवारू नये, आणि मी स्वतः मास्क लावते.

आधी महिनाभर माझ्या आणि नवऱ्याच्या पोटऱ्यांवर सराव केला. त्वचा अल्कोहोलनं पुसून कोरडी करायची, गन चार-पाच इंच लांब धरायची, पातळ दोन थर द्यायचे, सुकलं की पावडर लावायची. सनस्क्रीन किंवा खोबरेल लावलेल्या हातावर शाई बसत नाही. मोठ्या माणसांना आधी एक ठिपका लावून दुसऱ्या दिवशी यायला सांगते. स्टॉलवर तसं जमत नाही, म्हणून लेकराच्या आईला बाटलीवरची यादी वाचायला देते आणि ज्या लेकराला कशाची अ‍ॅलर्जी आहे त्याला मेंदीचाच बैल काढून देते. चेहऱ्यावर फवारत नाही.

मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, एका वाढदिवसाला गेले तर शाई सुईच्या टोकावरच सुकू लागली. दर दोन टॅटूंनंतर अल्कोहोलचा एक फवारा कापडावर मारला तेव्हा गाडी चालली.

तान्ह्या पोळ्याला सगळ्यात जास्त बैलच गेले. पोरं आपला लाकडी बैल एका हातात धरून दुसरा हात पुढे करायची. भाचीनं पहिला वाघ काढून घेतला, जिथे तो विंचू होता त्याच्या वर, चांगल्या त्वचेवर. पांढऱ्यानं मात्र दिवसभर छळलं. ती शाई जड असते, तळाशी बसते आणि ०.३ मध्ये सारखी अडकते. पुढच्या भिशीतून तिच्यासाठी ०.५ ची वेगळी गन घेणार आहे.