झाडीपट्टीचे नाटक आणि लिहिणारे यंत्र

कार्तिक वद्य, रात्र.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, वडसा या गावच्या नाटक मंडळांत वर्दळ वाढते आणि मंडई (गावजत्रा) व शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या तारखा ठरू लागतात. आमच्या मंडळातील एका तरुण नटाने आज मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेला प्रवेश मला वाचायला दिला. धानाच्या बांधीवरून दोन भावांचे भांडण आणि मध्ये म्हातारी आई. रचना नेटकी होती, व्याकरण शुद्ध होते. फक्त दोघे भाऊ पुण्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे भांडत होते.

अशी यंत्रे अफाट लिखित मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक हे शिकतात. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर मुळात थोडा, त्यात आमची झाडीबोली बहुतांशी ओठांवरच राहिलेली, आणि दंडार व खडीगंमत या इथल्या लोकनाट्यांतील कितीतरी संवाद वहीत न उतरता मांडवातच विरून गेलेले. म्हणून यंत्राला आमची बोली अजून साधत नाही. यात समाधान मानावे असे मात्र मला वाटत नाही, कारण बोलीचा पुरेसा मजकूर हाती लागला की उद्या हेही यंत्राला साधेल.

माझी खरी काळजी नवशिक्यांची आहे. आमच्याकडे तालमी मोजक्याच होतात, नट प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा राहतो, आणि मध्यरात्रीनंतर प्रेक्षक पेंगू लागले की प्रवेश तिथल्या तिथे आखडता घ्यावा लागतो. जुन्या संहितांची अशी डागडुजी करता करताच इथला लेखक घडतो. मंडळाच्या मालकाला फुकटात बरी संहिता मिळू लागली, तर ही डागडुजी कोणाला देणार?

अमेरिकेतील पटकथालेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप करून यंत्राच्या मजकुराला लेखकाचे साहित्य मानले जाणार नाही, असे करारात लिहवून घेतले. आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली याचा अभिमान सर्वांना आहे, पण लेखकाचे मानधन अजूनही तोंडी ठरते.

मंडळाने यंदा पहिला मसुदा यंत्राचा आणि सुधारणा माझी, असे सुचवले आहे. मी नकार दिलेला नाही. पूर्ण मानधन, जाहिरातीत लेखक म्हणून नाव आणि सोबतीला शिकाऊ मुलगा, या तीन गोष्टी मात्र कागदावर मागितल्या आहेत.