खणातल्या वायरी आणि त्यांतले तांबे

गेल्या आठवड्यात टेबलाचा खालचा खण काही केल्या पूर्ण उघडेना. आत हात घालून चाचपले तेव्हा कळले, की एका जुन्या अ‍ॅडॉप्टरची पिन वरच्या फळीला अडकली आहे. ती सोडवता सोडवता अख्खा खणच बाहेर काढला, जमिनीवर उपडा केला आणि समोर पडलेला तो वायरींचा गुंता पाहून ठरवले, की हे सगळे पुन्हा तसेच आत कोंबायचे नाही. मोजून पाहिल्यावर ३१ केबल्स आणि १४ चार्जर निघाले. या ४५ वस्तूंपैकी आज मला प्रत्यक्ष लागतात अशा फार तर ९ असतील.

असाच पसारा काही वर्षांपूर्वीही आवरला होता. तेव्हा सगळे एका पिशवीत भरून मी भंगार घेणाऱ्या एका गृहस्थांच्या हवाली केले आणि देता देता सहज विचारले, "दादा, याचं पुढे काय होतं?" ते म्हणाले, "जाळायचं, तांबं काढायचं, बाकीची राख." त्यांच्या सांगण्यात लपवाछपवी नव्हती. तांब्याला मोल आहे, प्लॅस्टिकला नाही आणि आच लावली की दोन्ही वेगळे होतात, इतका साधा तो हिशेब होता. मी मान डोलावून परत आलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि स्वतः करून पाहिले, ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण अशा पिशव्या आपण सगळेच कधी ना कधी कोणाच्या तरी हातात देतो.

बहुतेक स्वस्त वायरींचे आवरण पीव्हीसीचे असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. वायर लवचिक व्हावी म्हणून त्यात थॅलेट वर्गातली मऊकारके मिसळतात आणि जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगेही सापडतात. असे आवरण उघड्यावर जाळले, की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो आणि त्याच्या जोडीला डायॉक्सिन ही अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. यातली खेदाची गोष्ट अशी, की ज्या तांब्यासाठी हा जाळ केला जातो तेच तांबे उत्प्रेरकाचे काम करून डायॉक्सिन वाढवते. राखेतून माती, मातीतून चारा आणि चाऱ्यातून दूध, अंडी, मांस असा प्रवास करून ही द्रव्ये माणसाच्या चरबीत साठतात. शरीरात शिरलेल्या डायॉक्सिनचे प्रमाण निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षे लागतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जाळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळतो. त्या गृहस्थांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण माझी पिशवी त्यांच्या जाळात गेली, हे मात्र मला विसरता येत नाही.

या वेळी पसारा लावण्याआधी मी एक मेलेली यूएसबी केबल, अर्थातच कशालाही जोडलेली नसताना, मधोमध कापून पाहिली. बाहेरचे काळे आवरण सोलल्यावर चांदीसारखा पातळ पत्रा दिसला आणि त्याच्या आत लाल, काळी, पांढरी व हिरवी अशा चार बारीक वायरी होत्या. लाल आणि काळी वीज नेतात, पांढरी आणि हिरवी माहिती. लाल वायरीचे टोक सोलले तर आत केसांसारख्या तारांचा झुबका निघाला. दुसऱ्या एका फुकट मिळालेल्या केबलची तार वरून तांबूस होती, पण पात्याने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे ती तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार होती. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा कमी वीज वाहते आणि वारंवार वाकवल्यास लवकर तुटते. अशा केबलवर फोन रेंगाळत चार्ज का होतो आणि ती काही महिन्यांतच का दगा देते, याचे उत्तर त्या एका खरवडलेल्या तारेत मला दिसले.

खरे तांबे असलेल्या वायरीची गोष्ट वेगळी आहे. मोठमोठ्या खाणींतल्या खनिजातही तांब्याचे प्रमाण पुष्कळदा १ टक्क्याहून कमी असते, म्हणजे एक किलो धातूसाठी शंभर किलोंहून अधिक दगड फोडावा लागतो. आपल्या खणातल्या साध्यातल्या साध्या केबलमध्ये त्या खनिजाच्या कितीतरी पट तांबे असते. शिवाय तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा गुण कमी होत नाही आणि खनिजापासून नवे तांबे काढण्याच्या तुलनेत जुने तांबे परत मिळवण्यात ८५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचू शकते. तरीही २०२२ साली जगभरात निर्माण झालेल्या सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातले आहेत.

योग्य कारखान्यात वायरींना आच लागतच नाही. त्यांचे यंत्रात तुकडे करतात, मग काही मिलिमीटरचा भुगा करतात, चुंबकाने लोखंड वेचून घेतात आणि उरलेला भुगा हवेच्या झोतावर थरथरणाऱ्या तिरक्या टेबलावरून सोडतात. तांब्याची घनता पाण्याच्या जवळपास नऊपट आणि पीव्हीसीची दीडपटीहूनही कमी असते, त्यामुळे जड तांबे एकीकडे सरकते आणि हलके प्लॅस्टिक दुसरीकडे. म्हणूनच आपल्या पिशवीचे नशीब ती जाळणाऱ्याकडे जाते की दळणाऱ्याकडे, यावर ठरते.

पिशवी भरण्याआधीची निवड मात्र घरीच करावी लागते आणि खरा वेळ तिथेच जातो. मला त्यात एक अख्खी दुपार लागली. केबल तपासताना मी दोन्ही टोकांजवळचा भाग हळूच वाकवून पाहिला, कारण बहुतेक केबल्स तिथेच तुटतात. आवरण फाटलेली, पिन काळवंडलेली किंवा चार्जिंग चालू असताना टोकाशी गरम होणारी प्रत्येक केबल बाजूला काढली. चिकटपट्टी गुंडाळून ती आणखी वर्षभर चालवण्याचा मोह मला पूर्वी व्हायचा. आता मी तसे करत नाही, कारण आत अर्धवट तुटलेल्या तारांवर सगळा भार येऊन तिथे उष्णता साठते. चांगल्या निघालेल्या केबल्सना कागदी चिठ्ठ्या लावल्या. सी-टाइपच्या केबल्स दिसायला सारख्या असल्या तरी साधी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते आणि त्याहून अधिक विजेसाठी आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते, तेव्हा कोणती कशाची हे लिहून ठेवलेले बरे.

चार्जरच्या बाबतीत त्यावरची बारीक अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. हा धडा मला एक राउटर गमावून मिळाला. मूळ अ‍ॅडॉप्टर सापडेना म्हणून खणातला दुसरा लावला. पिन अगदी नेमकी बसली, दिवा लागला आणि पाच मिनिटांत राउटर कायमचा बंद पडला. मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा होता आणि मी लावलेला १२ व्होल्टचा. पिन बसली म्हणजे चार्जर त्याच उपकरणाचा, असे कधीच धरून चालू नये. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायला हवा, अँपिअरचा आकडा उपकरणाला लागतो तेवढा किंवा त्याहून जास्त हवा आणि गोल पिनेच्या अ‍ॅडॉप्टरवर ठिपका व अर्धवट वर्तुळ यांची जी छोटी आकृती असते, तिच्यातले अधिक-उणे उपकरणावरच्या आकृतीशी जुळायला हवे. ज्या चार्जरचे उपकरण घरातून केव्हाच गेले आहे, पण जो चालू स्थितीत आहे, तो कोणाच्या कामी येतो का हे आधी विचारावे. माझे तीन चार्जर ओळखीतल्या लोकांकडे असे मार्गी लागले.

मेलेला चार्जर उघडून पाहण्याच्या फंदात मात्र कोणीही पडू नये. २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरच्या आतल्या मुख्य कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तांब्याची गुंडाळी, फेराइटचा गाभा, पितळी पिना आणि सर्किट बोर्ड हे सगळे आत असते खरे, पण ते वेगळे करणे हे कारखान्याचे काम आहे. दुसरी सावधगिरी पॉवर बँकची. चार्जरच्या ढिगात ती सहज मिसळून जाते आणि प्रत्यक्षात ती लिथियमची बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की अशी बॅटरी पेट घेऊ शकते. माझ्या खणात एक निघाली, तीही किंचित फुगलेली. तिच्या पोर्टवर चिकटपट्टी लावून मी ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर, वेगळी ठेवली आणि बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्राला फुगल्याचे आधी सांगून स्वतंत्रपणे नेऊन दिली.

उरलेल्या वायरी सुक्या कचऱ्याच्या डब्यातही टाकू नयेत. कागद, बाटल्या आणि डबे वेगळे करणाऱ्या यंत्रांच्या फिरत्या दांड्यांभोवती त्या गुंडाळल्या जातात, काम थांबते आणि कोणाला तरी आत उतरून त्या कापाव्या लागतात. चार्जरवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते, ते हेच सांगते. त्यांना ई-कचरा संकलन केंद्रात किंवा विक्रेत्याच्या परतावा पेटीत द्यावे. देण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. संकलकाकडे नियामक संस्थेची नोंदणी आहे का आणि माल पुढे कोणत्या कारखान्यात जातो? एका ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तेव्हा पिशवी परत घेऊन आलो. दुसऱ्या ठिकाणी कारखान्याचे नाव आणि पावती दोन्ही मिळाले. केबलमध्ये आपले फोटो किंवा संदेश साठत नाहीत, त्यामुळे फोन किंवा संगणक देताना वाटते ती धास्ती इथे बाळगण्याचे कारण नाही.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरे अशा उपकरणांना सी-टाइप पोर्ट सक्तीचे केले आणि उपकरण चार्जरशिवाय विकत घेण्याची मुभा ग्राहकाला दिली. न वापरलेल्या आणि टाकून दिलेल्या चार्जरांचा कचरा तिथे वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. मला हा निर्णय मनापासून पटतो, कारण माझ्या खणातले निम्मे चार्जर मी मागितलेलेच नव्हते, ते खोक्यातून आपोआप आले होते. आता नवे उपकरण घेताना चार्जर नको असे सांगता येते का, हे मी आधी विचारतो.

सगळे मार्गी लागल्यावर एक जुना, जड, चौकोनी अ‍ॅडॉप्टर उरला. त्यावरची अक्षरे पुसून गेली होती. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला. पण अशा जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरला काहीही जोडलेले नसताना दाब छापील आकड्यापेक्षा बराच जास्त दिसतो, त्यामुळे तो मुळात ९ व्होल्टचाही असू शकतो. तो ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. त्याची वायर गुंडाळून दोऱ्याने बांधली आणि पुढच्या फेरीच्या पिशवीत ठेवला.