पडेल असं वाटायला हवं

"बाबा, हा टॉवर पडतच नाही. मग खेळायचं काय?"

गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं फिजिक्स, म्हणजे वस्तू हलण्या-पडण्याचं गणित, कितपत पेलतं ते बघायला मी 'वर्ल्ड ऑफ गू'ची घरगुती नक्कल करतोय. 'टूडी बॉय' या चिमुकल्या स्टुडिओचा २००८ चा गेम. चिकट गोळे एकमेकांना जोडत मनोरा उभारायचा आणि पाइपापर्यंत पोचायचं, बस्स.

माझ्या लेखी आज काम फत्ते होतं. सेकंदाला ६० वेळा गणित, गोळ्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा ताठ, एक गोळा हलेल तर शपथ! आणि लेकीने माउस बाजूला सारला.

मग ताठपणा उतरवला, डॅम्पिंगही, म्हणजे हेलकावे शमवणारा आकडाही, कमी केलं. मनोरा दहीहंडीच्या थरांसारखा डुलायला लागला. बाईसाहेब खुर्चीवर उकिडव्या! डावीकडे कलला की उजवीकडे गोळा, पुन्हा डावीकडे. शेवटी सगळं धाडकन खाली आलं, तर केवढी खिदळली.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) मोजता येतो, मेमरी मोजता येते. हे डुलणं किती हवं, ते कुठल्या रकान्यात भरायचं? मूळ गेमवाल्यांनी या एका आकड्यापायी किती डोकं खाजवलं असेल, देव जाणे.

इथे गेम बनवणारं कुणी आहे का? तुम्ही हे आकडे कसे ठरवता?