स्टीलवर क्लॅरोनेट : अकराव्या आठवड्यापर्यंतची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत 'महिन्याभरात धून पुरी करून रेकॉर्डिंग ऐकवतो' असं लिहून बसलो होतो. ते वाक्य विसरा. त्याला आता अकरा आठवडे झाले, आणि धून पुरी म्हणावी अशी आत्ता कुठे झाली आहे. तीही शेवटचा सूर सोडून.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : क्लॅरिनेटची एक धून माझ्या स्टील गिटारवर अशी वाजवायची आहे की ऐकणाऱ्याला क्लॅरिनेटच वाटावं. धून आहे 'स्ट्रेंजर ऑन द शोअर', ब्रिटिश क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्कची, १९६१ ची. त्याने ती आधी स्वतःच्या मुलीच्या नावाने 'जेनी' म्हणून बांधली होती. बीबीसीने मुलांच्या एका मालिकेसाठी ती घेतली आणि मालिकेचंच नाव धुनेला चिकटलं. १९६२ च्या मे महिन्यात ती अमेरिकेत पहिल्या नंबरावर होती. ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या वर गेली नाही, पण यादीत ५५ आठवडे ठाण मांडून बसली. १९६९ मध्ये अपोलो १० च्या अंतराळवीरांनी ती कॅसेटवर चंद्रापर्यंत नेली. माझी अजून कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून शाहूपुरीपर्यंत गेलेली नाही. किनारा म्हणून आपल्याकडे रंकाळा आहे, तेवढ्यावर भागवायचं.

क्लॅरिनेटला आपल्याकडे बँडवाले क्लॅरोनेट म्हणतात, मीही तेच म्हणणार. माझं वाद्य सहा तारांचं, मांडीवर आडवं ठेवायचं इलेक्ट्रिक स्टील. वडील त्याला शेवटपर्यंत 'हवाईयन गिटार' म्हणायचे आणि सुनील गांगुलींच्या कॅसेट लावून 'असं वाजव' म्हणायचे. तारेची लांबी साडेबावीस इंच. ट्यूनिंग सी सिक्स्थ, म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेकडे सी, ई, जी, ए, सी, ई. यातली जाड सी आपल्या फार कामाची, कारण नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरोनेटचा सर्वांत खालचा सूर त्याच तारेच्या दुसऱ्या पडद्यावर सापडतो. म्हणजे जागा आहे. प्रश्न आवाजाचा होता.

बार

पहिले दोन आठवडे बारमध्ये गेले. बार म्हणजे डाव्या हातात धरून तारांवर सरकवायचा धातूचा गोल दांडका. माझा जुना बार हलका आणि आखूड होता. वरच्या तारांवर चालायचा, पण जाड तारेवर ठेवला की सूर तिसऱ्या सेकंदाला मान टाकायचा. बिल्कची सगळी गंमत खालच्या सप्तकात, लांब धरलेल्या सुरांत. तिथे बारला वजन नसेल तर पुढचं सगळं फुकट.

बाहेरून मागवण्यापेक्षा उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहून लोखंडाचा तुकडा कुरिअरने मागवायचा म्हणजे गुऱ्हाळाशेजारी राहून गूळ ऑनलाइन घेण्यासारखं आहे. एका लेथवाल्याकडे कागद ठेवला : स्टेनलेस, सहा सूत (पाऊण इंच) जाड, सव्वातीन इंच लांब, एक टोक गोल. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"कशाची पिन हाय ही?"

"गिटारची."

"गिटारीत पिन कुठं असती?"

त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्याने मशीन बंद करून पूर्ण बघितला आणि म्हणाला, "मग ह्याला टॉलरन्स नको, फिनिशिंग पायजे." माणूस एका वाक्यात मुद्द्यावर आला. मी मात्र घाई केली आणि लेथवरून उतरलेला बार तसाच खिशात घालून घरी आणला. दिसायला चकचकीत, पण जाड तारेवर सरकवला की खर्र असा आवाज. बोटाला न लागणाऱ्या हत्याराच्या बारीक रेघा तारेच्या वेटोळ्यांना बरोबर लागत होत्या. परत गेलो. ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२००, शेवटी बफिंग. आता वजन सुमारे १८० ग्रॅम आणि आवाज शून्य. ज्यांना स्वतः करून घ्यायचा आहे त्यांनी बफिंगचे पैसे वाचवू नयेत, एवढंच सांगतो.

लाईट गेली ती रात्र

बार आला, सूर टिकायला लागला, पण ऐकायला गिटारच. टोनचं बटण शून्यावर आणलं तर गोधडी पांघरलेली गिटार. इफेक्टचा एक डबाही मित्राकडून आणून पाहिला. त्यातून जे निघालं त्याला क्लॅरोनेट म्हणणं म्हणजे सनईला पिपाणी म्हणणं.

जुलैत एका रात्री पाऊस लागला आणि लाईट गेली. ॲम्प बंद. अंधारात नुसताच वाजवत बसलो. या वाद्याला पोट नाही, भरीव लाकूड. त्यामुळे आवाज कानापेक्षा मांडीला जास्त कळतो. दिसत नसल्यामुळे उजवा हात ब्रिजपासून भलताच डावीकडे, पडद्यांच्या पट्टीवर गेला होता. आणि एक सूर असा आला की मी थांबलोच. पोकळ, गोल, बांबूच्या नळीतून आल्यासारखा. पुन्हा छेडायला गेलो तर गेला. पुन्हा चाचपडत सापडला. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं : बार पाचव्या पडद्यावर, उजवा अंगठा सतराव्यावर. बरोबर बारा पडदे पुढे. म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या बरोबर मध्यावर.

कारण नंतर डोक्यात बसलं. क्लॅरोनेट ही एका बाजूने बंद असलेली सरळ नळी. रीडचं (फुंकायच्या पातीचं) टोक बंद, भोंग्याचं उघडं. अशा नळीत खालच्या सप्तकात मुख्यतः विषम हार्मोनिक (एकाच सुरात मिसळलेले, मूळ सुराच्या पटीतले सूर) बोलतात : पहिला, तिसरा, पाचवा. त्यामुळेच बासरी जोरात फुंकली की सा वरून वरचा सा येतो, पण क्लॅरोनेटची मागची चावी दाबली की सा वरून थेट वरच्या सप्तकातला प येतो. आता तार. तारेच्या मध्यावर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू असतो. तिथेच छेडली तर ते उठतच नाहीत. राहतात विषम. नळीने जे केलं तेच तारेकडून करून घेता येतं, फक्त छेडायची जागा अचूक पाहिजे.

आणि गोम इथेच आहे. बार हलला की मध्यही हलतो. तिसऱ्या पडद्यावर बार असेल तर छेडायचं पंधराव्यावर, आठव्यावर असेल तर विसाव्यावर. इतकी वर्षं उजवा हात ब्रिजजवळ एका जागी बसलेला, त्याला आता डाव्या हाताच्या पाठोपाठ पळायचं होतं. इंचभर चुकलं तरी आवाज उघडा पडून पुन्हा गिटार. शेवटी बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या. तीन आणि पंधरा लाल, पाच आणि सतरा हिरवी, सात आणि एकोणीस मरून, आठ आणि वीस काळी. रंगाला रंग जुळवायचा. वाद्य हळदी-कुंकवाला निघाल्यासारखं दिसतं, पण तीन आठवड्यांत हात बसला. नख्याही काढून ठेवल्या. अंगठ्याच्या मांसाने छेडायचं, धातूचा टण् नको.

स्टीलवाल्यांशी बोलताना मी आजवर डाव्या हाताबद्दलच बोलत आलो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), बारचा तिरपा कोन, कंप. या धुनेपुरतं तरी सांगतो, क्लॅरोनेट उजव्या हातात आहे.

बँडवाले काका

आमच्या गल्लीत एक काका आहेत, पन्नासेक वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलेले. आता दात गेले म्हणून वाजवत नाहीत. (बिल्कचेही पुढचे दोन दात शाळेतल्या मारामारीत गेले होते आणि एका बोटाचा तुकडा घसरगाडीच्या अपघातात. 'माझ्या वाजवण्यात त्यामुळेच हा रंग आला', असं बिल्क म्हणायचा. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आमचा रंग कुठं गेला?") आठव्या आठवड्यात त्यांना घरी बोलावून अर्धी धून ऐकवली. चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "सूर बरोबर हायत रं. पण तू दम कुठं घेतोस? मरंल की माणूस असं फुंकून."

खरंच होतं. तारेला दम लागत नाही, म्हणून मी ओळीला ओळ जोडत सुटलो होतो. काकांनी धून दोनदा ऐकली आणि माझ्या वहीत पेन्सिलीने जिथे जिथे श्वास तिथे उभी रेघ मारली. आता मी वाजवताना खरोखर श्वास घेतो, तोंडाने, आवाज येईल असा. रेघ आली की व्हॉल्यूमचं पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) मागे आणि बार किंचित उचललेला.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली जिभेची. बँडमध्ये नवा पोरगा प्रत्येक सुराला जीभ लावतो, टु टु टु टु. मुरलेला एका फुंकीत चार सूर काढतो. स्टीलवर याचं सरळ भाषांतर म्हणजे एकदा छेडून बार घसरवायचा, पण मग चार सुरांच्या मधली सगळी गल्लीबोळं ऐकू येतात. क्लॅरोनेटमध्ये बोट उठतं आणि सूर बदलतो, मधे रस्ता नसतो. गिटारवादक ब्रिजभूषण काबरांनी या वाद्यातून गायकी काढून दाखवली ती मींडेच्या जोरावर, आणि आपण सगळे त्याच वाटेवर वाढलो. इथे ती सवय आवरायची. मी केलं ते असं : शक्य तिथे पुढचा सूर शेजारच्या तारेवर घ्यायचा, आणि छेडताना पेडल किंचित मागे, लगेच पुढे. छेडल्याचा ठोका झाकला जातो, सूर आपोआप उगवल्यासारखा येतो. अख्ख्या धुनेत मींड मी तीनच ठिकाणी ठेवली आहे. चौथीचा मोह रोज होतो.

कंप

यावर थोडक्यात, कारण अजून जमलेलं नाही. बिल्कचा कंप रुंद आहे. अर्ध्या वेगाने लावून ऐकलं तर मला तो सुराच्या खाली जाऊन परत येणारा वाटतो. जबडा सैल सोडला की रीडचा सूर उतरतो, चढत नाही, त्यामुळे हे पटतंही. आपला बार मात्र पडद्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लोळतो, आणि रुंद कंप केला की सूर चढा ऐकू येतो. म्हणून मी बार रेघेवरून फक्त मागे नेतो आणि परत आणतो. अर्ध्या स्वराच्या पाव भागाइतकं उतरायचं तर दुसऱ्या पडद्यापाशी बार साडेसात मिलिमीटर मागे न्यावा लागतो, चौदाव्यापाशी त्याच्या निम्मा. खाली वाजवताना मनगट नव्हे, कोपरापासून हात हलतो. सूर सुरू होताच कंप द्यायचा नाही, आधी सरळ धरायचा, हेही रोज स्वतःला बजावावं लागतं.

जुलैअखेरीस पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलं तेव्हा हवेतल्या ओलीने आठ दिवसांत तारा गंजल्या, तो आठवडा गेला. आता वाजवून झालं की कोरड्या मलमलीने पुसतो आणि पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवतो. सासूबाईंनी सांगितलेला मिठाच्या डब्यातला उपाय, चालतो.

आजची स्थिती अशी. पहिल्या दोन ओळी आणि अंतरा सलग, मूळ वेगाच्या थोडा खाली. काल रात्री साडेदहानंतर रस्ता शांत झाल्यावर फोनवर एक टेक घेतला आणि सकाळी काकांना ऐकवला. डोळे मिटून ऐकत होते. अंतऱ्यापाशी त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, भोकं झाकल्यासारखी. मी काही विचारलं नाही.

शेवटचा लांब सूर मात्र गेला. तार मरत आली की पेडल हळूहळू पुढे दाबत आवाज उचलून धरायचा असतो. नेमकं तेव्हा, सगळं शांत असताना, पेडलची खिटी कुईं करते. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतंय. काका म्हणाले, "रीड फाटली काय?" उद्या उद्यमनगरात बिजागरीला ग्रीस घालून आणतो.