मिरामारच्या पुळणीवर

आज सकाळी मिरामारला ओहोटी होती. ओली, घट्ट वाळू आणि धावणारे भरपूर. पण बहुतेकांचं पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे, टाचेवर आपटत होतं. असं पाऊल दरवेळी ब्रेक लावतं आणि तो धक्का गुडघा सोसतो. पाऊल टेकताना नडगी जवळपास उभी हवी. त्यासाठी टांग लांबवू नका, पावलांची गती वाढवा. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. ३५ भरले तर आधी ३७ वर न्या. एकदम ४५ नको, पोटऱ्या धरतात. झुकायचं घोट्यातून, कमरेतून नव्हे. मुठी सैल.

आणि उतरत्या वाळूवर एकाच दिशेने धावू नका हो! समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो, कंबर तिरकी होते. त्याच पट्ट्यावरून तितकंच परत या.